खाटेला पडलेली मतं

सोयाबीनचं मळणीयंत्र सुरू झालं की माझा कान आपोआप रस्त्याकडे लागतो. यंत्र घरघरत असतं, भुसा अंगावर बसून अंग खाजत असतं, आणि मी मात्र भोंग्याची रिक्षा आली का ते ऐकत असते. यंदा रिक्षा येणार नाही हे मला माहीत आहे. निवडणूक होऊन गेली, पुढची यायला अवकाश आहे. तरी कानाला कोण सांगणार. आमच्याकडे आमदारकीची निवडणूक येते ती याच दिवसांत, दसरा झाल्यावर. सोयाबीन निघत असतं, कापसाची पहिली वेचणी चालू असते, रस्त्याच्या एका बाजूला शेंगांचे ढीग आणि दुसऱ्या बाजूनं जीपगाड्या. दुसऱ्या बायांना या दिवसांत दिवाळीचं सुचतं. मला फॉर्म भरायचं सुचतं.

मी गयाबाई. हदगाव तालुक्यातल्या एका लहान गावात, नाल्याच्या अलीकडे आमची बौद्धवस्ती आहे, तिथं राहते. शाळा चौथीपर्यंत. आमदारकीला किती वेळा उभी राहिले ते लोक मोजतात, मी मोजत नाही. प्रत्येक वेळी पडले. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे शेवटी काहीतरी चांगलं होईल म्हणून कोणी वाट बघत बसणार नाही.

मला उभं केलं ते कौसानं. कौसाबाई म्हणजे आमची शेजारीण. आमच्या दोन घरांच्या मध्ये एक कुडाची भिंत. लग्न होऊन दोघी या गावात आलो तेव्हापासून दुसऱ्यांच्या रानात कापूस वेचायला बरोबर जातो. एकदा अशीच मी वेचता वेचता आमदाराला शिव्या देत होते. नाल्यावर पूल नाही, पाचवीपासूनची शाळा नाल्याच्या पलीकडे, पावसाळ्यात पोरं आपलीच शाळा परक्या गावच्या शाळेसारखी लांबून बघतात, असं काहीबाही बोलत होते. कौसा म्हणाली, "रोज रोज माझ्या कानाशी कामून बडबड करून राहिली? एवढी जबान चालती तर हुभी राहा की."

"राहीन," मी म्हटलं.

"राहा मंग."

बाया हसल्या. मीही हसले. पण हसणं संपलं तरी ते डोक्यातून गेलं नाही. अपक्ष उमेदवाराच्या फॉर्मवर दहा मतदारांच्या सह्या लागतात. पहिला अंगठा कौसानं दिला. अंगठ्याची शाई लुगड्याला पुसत म्हणाली, "आता माघार घेतलीस तर बघ."

माझ्याकडे जीप नव्हती, भोंगा नव्हता, झेंडे नव्हते. मग प्रचार कसा करायचा. वेचणीच्या दिवसांत बाया गावात सापडत नाहीत, उजाडायच्या आत रानात असतात. मी रानात जायची. सकाळी कापसावर दव असतं, बोंडं गार असतात, हात घातला की बोटं बधिर होतात. वाळलेल्या बोंडाची टोकं नखाच्या कडेला टोचतात, आणि ती जागा मग दिवसभर चुरचुरते. वेचणाऱ्या बाईला कापसाच्या वजनावर मजुरी, त्यामुळे तिचा हात थांबवणं म्हणजे तिच्या ताटातलं काढून घेणं. थांब बाई, माझं भाषण ऐक, असं तिला म्हणता येत नाही. म्हणून मी तिच्याच ओळीत शिरायची, तिच्या शेजारी वेचायची आणि वेचलेलं तिच्याच ओटीत टाकायची. ओटी म्हणजे कमरेला बांधलेली कापडी झोळी. तिच्या ओटीत माझा कापूस पडतोय तोवर ती माझं ऐकायची. हा सौदा सरळ होता. सभेला पैसे देऊन माणसं आणतात त्यापेक्षा तर बराच सरळ.

चिन्हाची गोष्ट इथंच सांगितली पाहिजे. पक्षांची चिन्हं ठरलेली असतात, बापापासून पोरापर्यंत तीच. अपक्षाला चिन्ह म्हणजे भाड्याचं घर. निवडणूक संपली की खाली करायचं, पुढच्या वेळी नवं शोधायचं. पहिल्या खेपेला मला काय मिळालं होतं ते आता माझ्याही ध्यानात नाही. दुसऱ्या खेपेला खाट मिळाली. खाट लोकांना आवडली. बाळंतीण खाटेवर, म्हातारा खाटेवर, पाहुणा आला तर खाटेवर. सांगायला सोपं. मी एकेका ओळीत जाऊन सांगायची, "खाट ध्यानात ठेव माय," आणि बाया म्हणायच्या, "दिवसभर तीच ध्यानात असती बाई, कवा एकदा पडीन तिच्यावर." तेव्हा मतदानयंत्रावर उमेदवाराचा फोटो नसायचा. नाव आणि चिन्ह, एवढंच. ज्यांना नाव वाचता येत नाही त्यांना चिन्ह म्हणजेच माणूस. त्या निवडणुकीनंतर किती तरी दिवस बाजारात मला लोक ओळखायचे ते "ती खाटवाली" म्हणून.

आता ती तिसरी खेप. मळणीचा आवाज मला दरवर्षी ज्या दिवसांत नेऊन सोडतो, ते दिवस या तिसऱ्या खेपेचे.

त्या वर्षी लढत अटीतटीची होती. भाऊ म्हणून आमच्याकडे एक पुढारी होते, म्हणजे सगळा तालुकाच त्यांना भाऊ म्हणायचा. फॉर्म मागे घ्यायच्या आदल्या दिवशी ते स्वतः आमच्या घरी आले. चपला बाहेर काढल्या. मी खुर्ची दिली ती बाजूला सारून खाली सतरंजीवर बसले. मला तेव्हाच समजलं की काम मोठं आहे. वस्तीतली माणसं दारात जमली. कौसा सगळ्यात पुढे, उंबऱ्याला टेकून.

"गयाबाई," भाऊ म्हणाले, "तुम्ही इतक्या वर्षांपासून एकच मागून राहिल्या. नाल्यावर पूल. बरोबर का?"

"बरोबर."

"घ्या मंग पूल. सगळ्या गावादेखत शब्द देतो. तुम्ही उद्या फॉर्म तेवढा मागं घ्या. तुमच्या वस्तीतली मतं इकडं तिकडं झाली की आमचं गणित बिघडतं."

दारात कुजबुज झाली. एक म्हातारा म्हणाला, "झालं की मंग, आता काय पायजे." मी भाऊंच्या तोंडाकडे बघत होते. चेहरा चांगला होता. लबाड वाटत नव्हता. कदाचित त्यांनी पूल केलाही असता.

मी विचारलं, "मी बसले तर पूल हुईल म्हणता. म्हणजे पूल तुमच्यापाशी होता. मंग इतके वर्ष कुठं ठिवला होता?"

भाऊ हसले. "राजकारणात असं नसतं, बाई."

"कसं असतं?"

"घेणं-देणं असतं."

"आमची पोरं पाण्यातून जातात त्याच्यात घेणं-देणं कशाचं आलं?" मी म्हटलं. "पूल करायचा तर करा. मी हुभी राहून बी करता येतो. मी बसनार न्हाई."

भाऊ उठले. जाताना दारातल्या माणसांकडे बघून म्हणाले, "मी द्यायला आलो होतो. यांनी घेतलं न्हाई. ध्यानात ठिवा." आवाज चढवला नाही, धमकी दिली नाही. तेवढं वाक्य मात्र वस्तीत ठेवून गेले.

लोक मला विचारतात, तेव्हा तुझ्या मनात काय होतं. मनात फार काही नव्हतं. एवढं समजत होतं की आज मी बसले तर उद्या आमच्यातलं जे कोणी उभं राहील त्याला बसवायचा दर ठरून जाईल. कोणाला पूल, कोणाला नळ, कोणाला समाजमंदिराचा रंग. जे आमचं आहे ते आम्हालाच बक्षीस म्हणून मिळत राहील, आणि आम्ही ते हात जोडून घेत राहू. चौथी शिकलेल्या बाईला एवढं कळतं. त्याला पुस्तक लागत नाही.

पण कौसाला ते पटलं नाही. भाऊंची गाडी नाल्यातून पलीकडे गेली. मग ती माझ्या अंगावर आली. तिची नात त्या वर्षी पाचवीला गेली होती. पाणी चढलं की कौसा तिला खांद्यावर घेऊन नाला ओलांडायची, आणि कौसाचे पाय काही तरुण नव्हते.

"तुझं पोरगं शिकलं. लातूरला मास्तर झालं. तुला काय लागतंय पुलाचं?" ती म्हणाली. "माझ्या नातीनं काय करायचं? तुझं नाव यंत्रावर बघत बसायचं?"

"कौसा, माझं आईक."

"आता काय आयकू? दारात आलेला पूल लाथाडला तू. जा, हुभी राहा. एकटीच राहा."

तिचं खोटं नव्हतं. आजही मी म्हणणार नाही की ते खोटं होतं. माझा मुलगा वसतिगृहात राहून शिकला होता, त्याला नाला ओलांडावा लागला नव्हता. पण खरं दोन्हीकडे असलं म्हणून काही दोन्हीकडे उभं राहता येत नाही. एकीकडेच राहावं लागतं. मी राहिले.

दुसऱ्या दिवशी दुपारी तहसीलला चिन्हांचं वाटप. मी खाटच मागितली. हिमायतनगरकडच्या एका अपक्षानंही खाट मागितली होती. साहेबांनी चिठ्ठी काढली. चिठ्ठी त्याची निघाली. मला बादली दिली. मी म्हटलं, साहेब, खाटेवर माझी ओळख झालेली हाय. साहेब म्हणाले, "आजी, चिन्ह कोणाच्या मालकीचं नसतं." ते बरोबरच म्हणाले. मी बादली घेऊन घरी आले, म्हणजे कागदावरची.

आणि मग मी रानात गेले.

ती सकाळ मला अजून अंगावर आठवते. धुकं होतं. कापूस इतका फुटला होता की रान दुधाच्या हंड्यासारखं दिसत होतं. बाया ओळी धरून पुढे चालल्या होत्या. मी नेहमीसारखी एका ओळीत शिरले. त्या ओळीतली बाई काही न बोलता शेजारच्या ओळीत गेली. मी तिकडे गेले, ती तिसरीत. कोणी शिवी दिली नाही, कोणी हाकललं नाही. फक्त जागा दिली नाही. कौसा सगळ्यात लांबच्या ओळीत, माझ्याकडे पाठ करून. मी एकटीच वेचत राहिले. दुपारी माझा कापूस तिच्या गाठोड्यावर नेऊन ठेवला. तिनं तो उचलला आणि मालकाच्या ढिगावर टाकला. स्वतःच्या वजनात धरला नाही. तिला त्या दिवशी मजुरी जास्त मिळाली असती, पण माझं बोंडभरही घेतलं नाही. असली माणसं आहेत आमच्याकडे.

रोज गेले. रोज तसंच. "बादली ध्यानात ठेवा," असं मी मोकळ्या ओळींना सांगायची. वारा असला तर आवाज त्यांच्यापर्यंत जात नव्हता, आणि वारा रोजच असायचा. जवळ गेलं की बाया कापसावर डोकं घालायच्या. गावात भोंग्याची रिक्षा फिरायची. नळावर माझी घागर भरायची वेळ आली की बायांचं बोलणं थांबायचं. घागर भरताना पाण्याचा आवाज किती मोठा असतो ते मला तेव्हा कळलं.

मुलाचा लातूरहून फोन यायचा. "आई, इथं शाळेत लोक विचारतात. तुमच्या आईला राजकारणाचा नाद कसा लागला म्हणतात."

"सांग त्यांना, कौसानं लावला."

"थट्टा नाही करत मी. आता तर गावही तुझ्या बाजूला नाही. कशासाठी हे?"

"गाव बाजूला असतं तर कोनी बी हुभं राहतं," मी म्हटलं आणि फोन ठेवला. तो वाईट मुलगा नाही. मला लातूरला ने म्हणतो, चौथ्या मजल्यावर स्वतंत्र खोली आहे, गरम पाणी येतं. मी चार दिवस राहून येते. तिथं सून पाहुण्यांना माझी ओळख करून देते, "आमच्या सासूबाई, गावाकडे असतात." उमेदवार असतात असं म्हणत नाही. मग मीच सांगते. पाहुणे चहा गिळतात आणि पंख्याकडे बघतात.

मतदानाच्या दिवशी आमच्या गावातल्या चौथीपर्यंतच्या शाळेत रांग लागली. मी रांगेत उभी होते, कौसा माझ्या पुढे थोड्या अंतरावर. नवं लुगडं नेसली होती. मतदानाला ती नेहमी नवं लुगडं नेसते, लग्नाला नेसत नाही. आत गेली, बोटाला शाई लावून बाहेर आली, माझ्या अंगावरून गेली आणि समोर बघत निघून गेली. मी आत गेले. बादलीसमोरचं बटण दाबलं. यंत्र लांब ओरडलं.

मोजणीला तालुक्याच्या गावी गेले. गोदामात टेबलं मांडली होती, जाळ्या लावल्या होत्या. मी टेबलावरच्या माणसाला आमच्या गावचा आकडा विचारला. त्यानं माझा सांगितला. बोटांवर मोजता येईल एवढा. आम्ही दहा-पंधरा जण तर एका भावकीतलेच आहोत, म्हणजे घरातल्यांनीही दिलं नव्हतं. दुसऱ्या कोणाचा आकडा विचारायचं सुचलं नाही. बाहेर गुलाल उडत होता. गुलाल माझ्या लुगड्यावर पडला, तो झटकला, बस धरून घरी आले. भाकरी टाकली, खाल्ली. रडले नाही. रडण्यासारखं काय होतं. त्यांना पूल पाहिजे होता, मी दिला नव्हता. त्यांनी मत दिलं नाही. हिशोब सरळ.

नंतर दिवाळी आली. बाया रस्त्यावर सोयाबीन वाळत घालून वर खाली करत होत्या, तेव्हा एक माणूस जुन्या लुनावरून नाल्यातून आला. पाय वर धरून, पायजमा गुडघ्यापर्यंत खोचून. लुनाच्या मागे एक नवी कोरी उशी बांधलेली. हातात झेंडूचा हार. दाढी पांढरी. त्यानं गाडी लावली आणि बायांना सलाम केला.

"मी रहीमभाई. हिमायतनगरला माझं गादी भरायचं दुकान हाय. गावातल्या मोठ्या माणसांना भेटायचं हुतं. शुक्रिया करायला आलो."

"कशाचं?" एका बाईनं विचारलं.

"तुम्ही मला मतं दिली ना. इत्ती मतं. मी तर या गावात कधी आलो न्हाई. माझ्या मोहल्ल्यात भी इत्ती मिळाली न्हाईत. खरं सांगतो, माझ्या सख्ख्या भावानं दिलं न्हाई. बीवी म्हणाली, जाऊन बघून या, कोण लोक हायत." तो हसला. "या गावात माझी गादी कोणी नेली हुती काय? चांगली निघाली काय?"

बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. मी माझ्या दारात उभी होते. कौसा हातातलं फावडं टेकून म्हणाली, "बाबा, तुझं चिन्ह काय हुतं?"

"खाट. माझा धंदाच त्यो, म्हणून मागून घेतली. दुकानाचं नाव भी हुईल म्हटलं."

"खाट?" कौसा म्हणाली. "खाट तर गयाची हाय."

"कोण गया?"

कौसानं वळून माझ्याकडे बघितलं. किती तरी दिवसांनी बघितलं. "काय गं? तुझी खाट याला कवा दिलीस?"

"मी कशाला देऊ? त्याची चिठ्ठी निघाली. माझी बादली हुती."

"बादली?" तिचा आवाज चिरकला. "मला कुणी सांगितलं बादली?"

"मी रोज सांगून राहिले हुते. तू आयकत हुतीस का? पाठ करून कापूस येचत हुतीस."

सोयाबीनवर कावळा बसला होता, त्याला हाकलायचंही कोणाला सुचलं नाही. मग सोयाबीन पसरणारी एक बाई हळू आवाजात म्हणाली, "म्या बी खाटच दाबली." दुसरी म्हणाली, "आमच्या घरात समद्यांनी खाट." एक म्हातारी म्हणाली, "मला तर दिसत न्हाई, पर पोलिंगवाल्याला म्हनलं, खाट कुठंय तेवढं दाखव, बाकी मला नगं." 

माझ्याशी न बोलणाऱ्या, माझ्यापासून ओळ बदलणाऱ्या, नळावर तोंड फिरवणाऱ्या बायांनी मागच्या खेपेची खाट डोक्यात धरून ठेवली होती आणि बटण दाबून आल्या होत्या. घरी जाऊन पुन्हा माझ्यावर रागावून बसल्या होत्या. रागातलं माणूस विचारायला जात नाही. त्यामुळे नवं चिन्ह कोणाला कळलंच नव्हतं.

रहीमभाईंचा चेहरा पडला. हार हातातच होता. "म्हणजे ही मतं आजीची हुती," ते म्हणाले. "मला वाटलं, अल्लाह, कुठंतरी मला भी कोणी मानतंय." मला त्या माणसाचं वाईट वाटलं. स्वतःच्या भावानं मत दिलं नाही हे हसत सांगणारा माणूस सोपा नसतो.

"आता परत कशी देऊ?" त्यांनी मला विचारलं.

"ठिवून घ्या. परत घ्यायची सोय सरकारनं केलेली न्हाई."

बाया हसल्या तेव्हा तेही हसले. चहा घेतला. हार त्यांनी मला घातला, मी तो काढून दाराला लावला. उशी द्यायला लागले तर मी नको म्हटलं. कौसा म्हणाली, "दे इकडं. दाबलं मी, उशी तिला कामून?" आणि बगलेत मारून घेऊन गेली.

संध्याकाळी ती माझ्या चुलीपाशी येऊन बसली. मी भाकरी थापत होते. तिच्या लुगड्याचा काठ ओला होता, नातीला आणायला नाल्यात उतरली होती. जाळ पुढे सारत राहिली.

"मला पूल पायजे हुता," ती म्हणाली.

"म्हाईत हाय."

"अजून बी पायजे."

"मला बी."

"पर तू बसली असतीस ना गया, तर म्या तुझ्या दारात थुकले असते."

मी भाकरी उलटी केली. "मंग बोलत का नव्हतीस?"

"राग आला हुता. राग आल्यावर काय बोलतं का माणूस?" तिनं टोपलीतली भाकरी घेतली, न विचारता. "रागाचं येगळं. मताचं येगळं. तेवढं कळतं मला."

मोठमोठी भाषणं ऐकली, आकाशवाणीवर ऐकली, टीव्हीवर ऐकली. लोकशाही म्हणजे काय ते मला कौसाइतकं कोणी थोडक्यात सांगितलं नाही, आणि ते सांगताना तिच्या तोंडात माझी भाकरी होती.

पुढच्या खेपेला भाऊंचा माणूस आला तो कौसाच्या दारावरूनच परत गेला. तिनं त्याला काय सांगितलं ते मला तिनं सांगितलं नाही. आता यंत्रावर फोटो येतो, पण शिक्का मारल्यासारखा लहान फोटो, त्यात मी, माझी बहीण आणि गावातली कोणतीही म्हातारी सारखीच दिसते. त्या वर्षी मला इस्त्री मिळाली. कौसा वैतागली. "आपल्यात कोनाच्या घरी हाय इस्त्री? बायांना सांगू कसं?" मग तिनं स्वतःच्या सुनेच्या माहेरून एक इस्त्री मागून आणली आणि ती घेऊन रानात गेली. कापसाच्या ओळीतून म्हातारी चालली आहे, ओटीत कापूस, हातात इस्त्री, वायर मागे फरपटतेय, आणि एकेका बाईपुढे ती उचलून धरतेय. "ही बघ. ही. खाट गेली आता. खाट इसर. कोनी खाट दाबली तर माझ्याशी गाठ हाय." रानाचा मालक ओरडला, वायरीनं बोंडं तुटायलीत. कौसानं वायर गळ्यात गुंडाळली आणि पुढच्या ओळीत गेली.

त्या वर्षीही पडले. अनामत गेली. मोजणीच्या टेबलावरच्या माणसाला मी आमच्या गावाचे सगळे आकडे वाचायला लावले, सगळ्या उमेदवारांचे. तो कंटाळला, तरी वाचले. आमच्या गावात माझ्या पुढे कोणी नव्हतं. गावाच्या बाहेर मला कोणी विचारत नाही, ते सोडा. नाल्याच्या अलीकडे मी निवडून आलेली बाई आहे.

पूल अजून झालेला नाही. भाऊ निवडून आले, पडले, पुन्हा आले, आता त्यांचा मुलगा फिरतो. नाल्यात कोणीतरी सिमेंटचे नळे टाकले, ते पहिल्याच पुरात वाहून गेले. कौसाची नात पाण्यातूनच शिकली. आता नांदेडला कॉलेजात आहे, सुट्टीला आली की चपला हातात घेऊन नाला ओलांडते आणि अलीकडे येऊन मला म्हणते, "आजी, तुमच्यामुळं पाय भिजले." मी म्हणते, "भिजू दे. वाकले तर न्हाईत." ती हसते. तिनं मागच्या खेपेला पहिलं मत दिलं. कोणाला दिलं ते मी विचारलं नाही.

आता माझे गुडघे धरतात. रानात जाते, पण ओळीच्या टोकापर्यंत जात नाही. मुलगा म्हणतो, पुरे झालं. डॉक्टर म्हणतो, जिना चढू नका, तहसीलला जिना आहे. मी डॉक्टरला म्हटलं, फॉर्म घ्यायला तहसीलच्या साहेबाला खाली बोलावता येतं का, कायद्यात बघते.

परवा कौसा माझ्या ओट्यावर बसून रानात उरलेल्या शेंगा निवडत होती. यंदा पाण्यानं सोयाबीन काळं पडलं आहे, दहा शेंगांतून एक धड निघते. लांब कुठंतरी मळणीयंत्र चालू झालं. आम्ही दोघींनी एकदमच मान वर केली.

"पुढच्या खेपेला काय चिन्ह मागनार?" कौसानं विचारलं.

"आपन मागतो एक, देतात एक. ते काय हातात हाय का."

"तरी सांगून बघ साहेबाला." ती शेंगा पाखडत म्हणाली. "काय बी दे म्हनावं. पर उचलता यावं असं दे. मागल्या खेपेला कपाट दिलं तुला. ते घेऊन रानात कशी फिरू मी?"